उजव्या मडगार्डवरची थाप

आमच्या वसतिगृहात हे मासिक येतं, आणि मुली सगळ्यात आधी वाचकांच्या न उलगडलेल्या अनुभवांचं हेच पान उघडतात. मोठ्याने वाचून दाखवायचं काम बहुतेक वेळा माझ्याकडे असतं, आणि वाचता वाचता खोडून काढायचंही. वारा असेल, मांजर असेल, ताप असेल, डोळ्यांवर झोप असेल... मी भौतिकशास्त्राची विद्यार्थिनी, बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या घरातून कॉलेजपर्यंत पोहोचलेली मी पहिलीच. त्यामुळे असल्या गोष्टींवर विश्वास ठेवला तर आपलं शिकणं वाया गेलं असं लोक म्हणतील, ही भीतीही मनात असते. खरं सांगते, मी विश्वास ठेवतही नव्हते. आता ठेवते का? तेही मला नीट सांगता येणार नाही. जे घडलं तेवढंच लिहिते. सुचेल ते कारण तुम्ही शोधा.

आमचं गाव चामोर्शीच्या अलीकडे, मोठ्या तलावाच्या काठावर. घर पिढीजात मासेमारीचं. बाबांनी मात्र तरुणपणीच जाळं सोडून स्टेअरिंग धरलं. आधी दुसऱ्याची जीप चालवली, मग स्वतःची जुनी घेतली. चामोर्शी, आष्टी, आलापल्ली, कधी लग्नाचं वऱ्हाड, कधी आजारी माणूस. आई तलावातले मासे बाजारात विकायची, आणि घरी असली की जीपचं एक काम ठरलेलं तिचंच होतं. ते ऐकायचं काम.

हे जरा समजावून सांगायला हवं. आमच्याकडच्या रस्त्यांवर जीपला रोज नवा आवाज लागतो. त्यातही वळताना येणारा आवाज सगळ्यात चकवा देणारा. सरळ चालताना गाडी शहाण्यासारखी चालते, स्टेअरिंग फिरवलं की खालून काहीतरी बोलते. ड्रायव्हरला आवाज येतो, पण कुठून ते कळत नाही. म्हणून उन्हाळ्यात तलाव आटला की कोरड्या पात्रात गाडी उतरवायची, पहिल्या गिअरमध्ये गोल गोल फिरवायची, आणि एक माणूस पुढच्या चाकावरच्या मडगार्डवर बसून, वाकून, चाकाकडे कान लावायचा. ऐकणाऱ्याने बॉनेटवर किंवा मडगार्डवर हाताने थाप मारायची. एक थाप म्हणजे फिरवत राहा. लागोपाठ दोन म्हणजे थांबा, सापडलं.

हे काम आई करायची. गावातल्या बाया चिडवायच्या, "काऊन वो, नवऱ्याच्या गाडीच्या नाकावर बसून मिरवून राह्यली का?" आई म्हणायची, "तुह्या नवऱ्याले घेऊन दे ना गाडी, मंग तू बी बस." मी आठवीपासून वसतिगृहात. त्यामुळे हे सगळं मी पाहिलं कमी, ऐकलं जास्त.

आई दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात गेली. ताप आला, डोक्यात गेला आणि संपलं. जाण्याच्या थोडं आधी तिला एवढं कळलं होतं की माझ्या मोठ्या बहिणीला, शालूताईला, दिवस गेले आहेत. ताईचे यजमान भामरागडच्या पलीकडे एका आश्रमशाळेत शिक्षक. आईचं बाबांशी शेवटचं नीट बोलणं तेच होतं. "पावसाच्या आधी शालूले घरी आणजा. नदी भरली का ते पोट्टी तिकडंच अडकन."

ज्यांना तो भाग माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, पावसाळ्यात भामरागडचा पूल पाण्याखाली जातो. मग पलीकडचा माणूस पलीकडेच. दवाखाना नाही, डॉक्टर नाही, निरोपसुद्धा नाही.

जून लागला. मी परीक्षा देऊन घरी आले होते. गावातल्या एसटीडी बूथवर ताईच्या यजमानांचा फोन आला, ताईच्या पायांवर सूज आहे. आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईंनी सांगितलंय, एसटीने नेऊ नका, पण इथे ठेवूही नका. पाऊस लागण्याआधी गडचिरोलीच्या बाजूला न्या. बाबा म्हणाले, "परवाच्या दिवशी निघतो."

आणि नेमकी त्याच आठवड्यात जीप बोलायला लागली.

डावीकडे वळताना. फक्त डावीकडे. "कट्" असा, सुकं लाकूड गुडघ्यावर मोडावं तसा आवाज. उजवीकडे वळलं की काही नाही. मी बाबांच्या शेजारी बसून चामोर्शीपर्यंत गेले, तेव्हा मलाही आला. मला तो पायाखालून कुठूनतरी आल्यासारखा वाटला. बाबा म्हणाले, "डाव्या चाकातून येऊन राह्यला. सरळ सरळ डाव्यातून."

चामोर्शीला शब्बीरभाऊंचं गॅरेज होतं. बाबांची जीप त्यांनी इतक्या वेळा खोलली होती की ते तिला नावं ठेवायचे, तीही नात्यातल्या माणसाला ठेवावी तशी.

"या रामाभाऊ. म्हातारीनं आज काय म्हटलं?"

"डाव्याले वळली का बोलते."

"माह्यी सासू बी तशीच आहे. फक्त जेवताना बोलत नाई."

त्यांनी डावं चाक जॅकवर उचललं. दोन्ही हातांनी वरखाली, आडवं, सगळ्या बाजूंनी हलवून पाहिलं. ढिलेपणा नाही. मला स्टेअरिंगवर बसवून, गाडी उभी असतानाच डावीकडे-उजवीकडे फिरवायला सांगितलं, आणि स्वतः खाली झोपून एकेका सांध्यावर तळहात ठेवून बघत राहिले. "कानाले फसवता येते बाई, हाताले नाई," ते खालून म्हणाले. पण हातालाही काही लागलं नाही. मग डाव्या बाजूची कमान, म्हणजे चाकाच्या दांड्यावर एकावर एक रचलेले ते लोखंडी पट्टे, तिच्या टोकांचे रबरी बुश बदलले, सगळीकडे ग्रीस भरलं, नट आवळले. गॅरेजमधून बाहेर पडलो, पहिलंच वळण डावीकडे.

कट्.

बाबा दोन्ही हातांनी स्टेअरिंग धरून समोर बघत राहिले. मला वाटलं, ते रडतील की काय. मी म्हटलं, "बाबा, दुसरी गाडी पाहू ना." ते म्हणाले, "कुठी आहे दुसरी? लग्नसराई आहे. आन् तिकडं पाठवाले कोणी तयार नाई. निघाली गाडी आन् जंगलात बसली, तर शालूले घेऊन मी काय करू? सांग ना."

दुसऱ्या दिवशी सकाळी शब्बीरभाऊ स्वतःच सायकल मारत आमच्या गावाला आले. रात्रभर त्यांना त्या आवाजाने झोपू दिलं नाही म्हणे. "भाऊ, तलावात उतरवा. फिरवून पाहू."

तलावाचा वरचा अर्धा भाग कोरडा पडला होता. जमीन तडे गेलेली, कडक. आभाळ भरून आलेलं, पण पाऊस नव्हता. लांब पाण्याच्या कडेला म्हशी बसल्या होत्या. बाकी माणूस म्हणाल तर आम्ही तिघं.

बाबा म्हणाले, "सुनंदे, तू बस मडगार्डवर."

मी पुढे झाले आणि उजव्या बाजूला पाय ठेवला. बाबा एकदम म्हणाले, "तिथं नाई. डाव्याले बस." आवाज जरा चढा होता. मला वाटलं, आवाज डावीकडून येतो म्हणून. मी जाऊन डाव्या मडगार्डवर बसले, ओढणी कमरेला बांधली, एक हात बॉनेटवर रोवला आणि डोकं चाकाकडे वाकवलं. शब्बीरभाऊ गोलाच्या मधोमध उभे राहिले. गाडी डावीकडे फिरत होती, म्हणजे डावी बाजू सतत त्यांच्यासमोर येत होती. इथे लक्षात घ्या, उजवी बाजू कोणीच बघत नव्हतं.

गाडी फिरायला लागली. पहिला फेरा, काही नाही. मग कट्. आवाज येत होता, पण चाकातून नाही. कान जवळ नेला तरी तो मोठा होत नव्हता. मला ओरडून सांगायचं होतं, पण आपल्याला काय कळतं, अशी शंका मनात आली. मी एक थाप मारली. फिरवत राहा. पुन्हा फेरा. पुन्हा कट्, तितकाच लांबून.

आणि मग दोन थापा वाजल्या.

पत्र्यावर, उघड्या तळहाताने, लागोपाठ. माझा हात बॉनेटवर होता, त्या हाताला तो धक्का जाणवला. मी मारल्या नव्हत्या. मी डोकं वर केलं. बॉनेटच्या पलीकडे उजवं मडगार्ड रिकामं होतं.

बाबांनी ब्रेक दाबला. इंजिन बंद पडलं. शब्बीरभाऊ धावत आले, "काय सापडलं बाई? कुठी?"

"मी नाही मारली."

"म्हणजे? दोन वाजल्या ना. मी बी ऐकल्या."

"मी नाही मारली भाऊ. तिकडून आली."

ते हसले. "रात्री झोप झाली नाई वाटते तुमची बी." मग त्यांनी माझं तोंड पाहिलं आणि हसणं थांबलं. ते बॉनेटला वळसा घालून पलीकडे गेले, मीही गेले. सांगायलाच हवं म्हणून सांगते, त्या मडगार्डवर धुळीचा जाड थर होता, फिरताना उडालेला. त्यावर काहीच उमटलेलं नव्हतं. बोट नाही, तळवा नाही. मी खाली दगड पाहिला, पत्र्याला आतून पोचा पडला का पाहिलं. काही नव्हतं.

बाबा सीटवरून उतरले नव्हते. ते मडगार्डकडे बघतही नव्हते. समोर तलावाकडे बघत म्हणाले, "शब्बीर, उजवीकडचं खोल."

"भाऊ, आवाज डाव्यातून येते म्हणता ना?"

"खोल म्हणलं ना बाप्पा."

शब्बीरभाऊंनी पाने काढले. तिथेच, तलावाच्या पात्रात, दगड लावून गाडी उचलली आणि उजव्या कमानीचे क्लॅम्प सोडले. बाहेरून कमान अगदी धड दिसत होती. क्लॅम्प निघाला, वरची पट्टी उचलली, आणि तिच्या खालचा पट्टा दोन तुकडे होऊन त्यांच्या हातात आला. तुटला होता तो नेमका क्लॅम्पच्या खाली, जिथे खोलल्याशिवाय कोणाला दिसणारच नाही. तुटल्या जागी आत गंज होता, आणि कडा एकमेकींवर घासून चकचकीत झाल्या होत्या. म्हणजे तो त्या क्षणी तुटला नव्हता. किती दिवस तुटून, प्रत्येक डाव्या वळणाला उघडत होता कोण जाणे.

शब्बीरभाऊ तुकडे घेऊन उकिडवे बसून राहिले. "सगळा भार वरच्या एकट्या पट्टीवर होता भाऊ. ते पट्टी बी गेली असती ना... मंग दांडा सरकते, स्टेरिंग ऐकत नाई. जंगलात, त्या नाल्यायच्या वळणावर..." तेवढ्यात त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं.

मग त्यांनीच विचारलं, "पण भाऊ, तुम्हाले समजलं कसं उजवं?"

बाबांनी आपल्या उजव्या कानाला हात लावला. "यानं ऐकलं."

शब्बीरभाऊ चामोर्शीला पट्टा आणायला सायकलवर निघून गेले, तेव्हा आम्ही दोघंच राहिलो. बाबा उजव्या चाकाशी जमिनीवर बसले. मी शेजारी बसले.

"तुले माहीत नाई सुनंदे," ते म्हणाले. "हा कान माह्या कधीचा गेला. उघड्या गाडीत, खिडकीच्या बाजूनं, इतके वर्सं वारा आन् इंजिन... काईच येत नाई यातून. सगळा आवाज डाव्यातूनच येते मले. कुठी बी वाजलं तरी डावीकडंच वाजलं असं वाटते."

मी त्यांच्या त्या कानाकडे पाहिलं.

"कोणाले सांगितलं नाई. बहिऱ्या ड्रायव्हरच्या गाडीत कोण बसन? तुह्या मायले फक्त माहीत. म्हणून ते उजवीकडं बसे. सगळे ऐकणारे डावीकडं बसतात, का उजवीकडचं ड्रायव्हरले येते म्हणून. ते मात्र उजवीकडं. लोक हासत, ते म्हणे, मले इकडून हवा लागते."

"मग बाबा, काल तुम्ही शब्बीरभाऊंना सांगायचं ना..."

"सांगाले पाहिजे होतं. नाई सांगवलं." त्यांनी मान वर करून मडगार्डकडे पाहिलं. "आन् तुले बी तिथं बसवाले पाहिजे होतं. पण ते जागा तिची होती ना. तू पाय ठेवला तशी मले... नाई पाहवलं."

मी त्यांच्या हाताला लागलेलं ग्रीस माझ्या ओढणीने पुसत राहिले. ते निघत नव्हतं, तरी पुसत राहिले.

संध्याकाळपर्यंत पट्टा बसला. बाबांनी तलावात डावीकडे चार गोल मारले. जीप एकदम गप्प.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही निघालो. आलापल्लीपुढे जंगल लागलं, मग नाले, आणि नाल्यांवरची ती वळणं. प्रत्येक डाव्या वळणाला मी श्वास धरत होते. भामरागडच्या पुलाखाली पाणी होतं, पण खाली होतं. पलीकडे जाऊन ताईला घेतलं. तिच्या यजमानांना शाळेच्या प्रवेशांमुळे निघता येत नव्हतं. त्यांनी सीटवर दोन गाद्या घातल्या आणि बाबांना इतक्या सूचना दिल्या की बाबा म्हणाले, "जावईबापू, तुम्हीच चालवता का?"

ताईला पुढे बसवलं, मी मागे. ती फार बारीक झाली होती, पोट तेवढं पुढे. बराच वेळ ती डोळे मिटून होती. मग एका मोठ्या वळणानंतर तिने डोळे उघडले.

"बाबा, गाडी किती शांत चालून राह्यली. यांनी तं सांगितलं होतं, काहीतरी वाजते म्हणून फोनवर म्हणत होते तुम्ही."

"वाजत होती. दुरुस्त केली."

"शब्बीरभाऊंनी?"

"पट्टा शब्बीरनं बसवला," बाबा म्हणाले. "पण सापडला तुह्या मायले." आणि तलावात जे झालं ते त्यांनी रस्त्यावरची नजर न हटवता, अगदी सरळ, बाजारभाव सांगावा तसं सांगितलं.

ताईने हळूच मागे वळून माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेचा अर्थ मला कळत होता. बाबा एकटे पडले आहेत, त्यांना भास व्हायला लागले आहेत, आता यांचं कसं करायचं? आणि तू शिकलेली आहेस, खरं काय ते तू सांग.

मला आठवतं, त्या वेळी माझ्या डोक्यात सगळी कारणं होती. आवाज चासीमधून, म्हणजे गाडीच्या सांगाड्यातून, प्रवास करतो. डाव्या वळणावर भार उजवीकडे जातो. ताणलेला पत्रा अचानक सैल झाला तर थापेसारखा वाजू शकतो. हे सगळं मला तेव्हाही सुचलं होतं आणि यातलं एकही चूक नाही.

मी म्हटलं, "हाव ताई. मीही ऐकलं. माझ्या हाताला लागलं."

ताईने मान पुढे वळवली. मग तिने डावा हात पोटावर ठेवला, उजवा बाबांच्या खांद्यावर, आणि आष्टी येईपर्यंत तो काढला नाही.

तिसऱ्या दिवशी पाऊस लागला आणि भामरागडचा रस्ता बंद झाला. ताईला आम्ही गडचिरोलीला दाखवलं. मुलगी झाली, ती अडचणीनेच झाली. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. आता ती पोरगी घरभर चालते आणि बाबांच्या खांद्यावर चढून बसते.

कॉलेजच्या एका सरांना मी हे सगळं सांगितलं, बाबांच्या कानासकट. त्यांनी हसण्यावारी नेलं नाही. कागदावर कमान काढली, पत्रा काढला, बाण काढले. पत्रा एकदा वाजला असेल हे त्यांनी पटवून दिलं. लागोपाठ दोनदा का, आणि बहिऱ्या कानाला कसा, इथे ते थांबले. मग म्हणाले, कारण असतंच, फक्त आपल्याला अजून मिळालेलं नाही. मलाही तसंच वाटतं. मी अजून शोधते आहे, कुणा वाचकाला माहीत असेल तर जरूर कळवा. फक्त ते कारण सापडलं, तर बाबांना सांगायचं की नाही... हे मी अजून ठरवलेलं नाही.